अप्पर लिंबचा अभ्यास : तक्ते आधी पाठ करावेत की नर्व्हपासून सुरुवात करावी?

ऐरोली_पहाट
नमस्कार. मी नवी मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. आमचा अप्पर लिंब (खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात) शिकवून पूर्ण झाला असून पार्ट-एंडिंग परीक्षा तोंडावर आली आहे. प्रत्येक स्नायूचे ओरिजिन आणि इन्सर्शन (हाडावर तो जेथे सुरू होतो आणि जेथे जोडला जातो त्या जागा), नर्व्ह सप्लाय (त्याला चालवणारा मज्जातंतू) आणि अ‍ॅक्शन यांचे तक्ते मी तयार केले आहेत आणि ब्रेकियल प्लेक्ससची (मानेतून हाताकडे जाणाऱ्या नर्व्हच्या जाळ्याची) आकृती न पाहता काढता येते. तरीही टेबल व्हायवामध्ये (तोंडी परीक्षेत) परीक्षक ह्युमरस, म्हणजे दंडाचे हाड, हातात देतात आणि विचारतात, की हे हाड मध्यावर मोडले तर रुग्णाला काय करता येणार नाही. तेव्हा तक्त्यांचा उपयोग होत नाही, कारण तक्ता स्नायूपासून नर्व्हकडे जातो आणि प्रश्न हाडापासून हाताच्या हालचालीकडे जातो.

माझे मत असे होत चालले आहे, की सुरुवातच नर्व्हच्या इजेपासून करावी आणि तक्ते नंतर भरावेत. वर्गातील बहुतेकांना हे उलटे वाटते. येथे शिकवणारे, शिकणारे आणि रुग्ण पाहणारे असे सगळेच सदस्य आहेत, म्हणून विचारते : तुम्ही कोणत्या क्रमाने अभ्यास केलात आणि आज त्यातले काय उपयोगी पडते?

पारसिकची_पायरी
मी अस्थिरोग विभागात निवासी डॉक्टर आहे. तुमचा कल मला योग्य वाटतो, कारण अपघात विभागात रुग्ण येतो तेव्हा तो तक्त्याच्या क्रमाने येत नाही. घोडबंदर रस्त्यावर दुचाकीवरून पडलेला तरुण दंड धरून येतो, तेव्हा एक्स-रे काढण्यापूर्वी आणि प्लास्टर चढवण्यापूर्वी आम्ही त्याला मनगट आणि बोटे वर उचलायला सांगतो. त्या एका हालचालीतून रेडियल नर्व्ह शाबूत आहे की नाही ते समजते.

तुमच्या परीक्षकांचा प्रश्न नीट उलगडून पाहा. ह्युमरसच्या मागच्या बाजूला स्पायरल ग्रूव्ह ही तिरकी खाच आहे आणि तेथे रेडियल नर्व्ह प्रोफंडा ब्रेकाय धमनीसोबत हाडाला अगदी लागून जाते, म्हणून मध्यावरच्या फ्रॅक्चरमध्ये ती सापडते. रुग्णाला मनगट उचलता येत नाही, कारण एक्स्टेन्सर कार्पाय रेडियॅलिस लाँगस आणि त्याखालचे सगळे एक्स्टेन्सर (मनगट व बोटे मागे उचलणारे स्नायू) त्या जागेच्या पुढे पुरवठा घेतात. मात्र कोपर बहुधा सरळ करता येतो, कारण कोपर सरळ करणाऱ्या ट्रायसेप्सच्या लाँग हेडला आणि मीडियल हेडला जाणाऱ्या शाखा नर्व्ह ग्रूव्हमध्ये शिरण्याआधीच निघालेल्या असतात. सुपिनेशनही (तळहात उताणा करणे) पूर्ण जात नाही, कारण बायसेप्सला मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह आहे. संवेदना कमी होते ती हाताच्या पाठीवर, अंगठा आणि तर्जनी यांच्या मधल्या जागी. आणखी एक गोष्ट परीक्षकांना ऐकायला आवडते : अशा रुग्णाची मूठही कमकुवत होते, जरी फ्लेक्सर (बोटे वाकवणारे) स्नायू पूर्ण चांगले असले तरी, कारण घट्ट मूठ वळण्यासाठी मनगट थोडे मागे झुकलेले असावे लागते.

हीच इजा खाली, सुपिनेटर स्नायूपाशी पोस्टीरियर इंटरऑसियस नर्व्हला झाली, तर मनगट पूर्ण लोंबकळत नाही, फक्त बोटे उचलत नाहीत, कारण एक्स्टेन्सर कार्पाय रेडियॅलिस लाँगसची शाखा त्याआधीच निघून गेलेली असते. एकच नर्व्ह, दोन जागा, दोन वेगळी चित्रे. नर्व्ह कोठे हाडाला टेकते हे कळले, की हे सगळे पाठ न करता सांगता येते.

नर्व्ह हाडाला टेकण्याच्या जागा मोजक्या आहेत. ह्युमरसच्या डोक्याखालच्या सर्जिकल नेकला अ‍ॅक्सिलरी, स्पायरल ग्रूव्हला रेडियल, मीडियल एपिकोंडाइलच्या (कोपराच्या आतल्या उंचवट्याच्या) मागे अल्नर. मीडियन मात्र कोपराच्या वर सुप्राकोंडायलर फ्रॅक्चरमध्ये सापडते आणि मनगटाशी कार्पल टनेलमध्ये दबते. ह्युमरस हातात घेऊन रोज या जागांवर बोट ठेवा.

खाडीकाठचा_शिक्षक
मी अनेक वर्षे शरीररचनाशास्त्र शिकवले आहे. पारसिकची_पायरी यांचे सगळे विवेचन अचूक आहे, परंतु त्यावरून तक्ते मागे ठेवावेत असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. त्यांच्या प्रतिसादातील प्रत्येक वाक्य तक्त्यावरच उभे आहे. बायसेप्स सुपिनेशन करतो हे का खरे आहे? कारण तो रेडियल ट्युबरॉसिटीच्या (अग्रबाहूच्या रेडियस हाडावरील उंचवट्याच्या) मागच्या भागावर जोडला जातो आणि हात पालथा असताना त्याचा टेंडन रेडियसभोवती गुंडाळला जातो. इन्सर्शन ठाऊक नसेल तर अ‍ॅक्शन ही केवळ घोकलेली ओळ राहते. स्नायू ज्या सांध्यावरून जातो त्या सांध्यावर काम करतो आणि ज्या बाजूने जातो त्या बाजूला हाड ओढतो, एवढा नियम धरला तर जोडणीच्या जागेवरून अ‍ॅक्शनचा रकाना स्वतःच भरता येतो.

नर्व्हचा रकानाही स्नायूगणिक पाठ करण्याची गरज नाही, तो कप्प्यांनुसार शिकावा. दंडाच्या पुढच्या कप्प्याला मस्क्युलोक्युटेनियस. दंडाच्या आणि अग्रबाहूच्या मागच्या कप्प्याला रेडियल आणि तिच्या शाखा. अग्रबाहूच्या पुढच्या कप्प्याला मीडियन, फक्त फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा आतला अर्धा भाग अल्नरकडे. तळहातात नेमके उलट : सगळे अल्नरकडे, फक्त अंगठ्याच्या उंचवट्यातील थेनार स्नायू आणि पहिले दोन लुंब्रिकल (पंजातले बोटांचे लहान स्नायू) मीडियनकडे. अ‍ॅडक्टर पॉलिसिस अंगठ्याला हलवत असला तरी तो अल्नरचा आहे आणि परीक्षेत बहुसंख्य विद्यार्थी तेथेच अडखळतात.

म्हणून माझा क्रम असा : आधी हाड आणि त्यावरील जोडण्या, मग कप्पे, मग नर्व्हचा मार्ग, आणि शेवटी इजा. इजेपासून सुरुवात केलेला विद्यार्थी ठरावीक पाच-सहा प्रश्नांची उत्तरे उत्तम देतो, पण हाडावरील एका खडबडीत रेषेवर काय जोडलेले आहे असे विचारले की गप्प बसतो.

वाशी_पूल
मी दुसऱ्या वर्षाला आहे. कार्पल बोन्सच्या, म्हणजे मनगटाच्या आठ हाडांच्या, क्रमासाठी आम्ही मैत्रिणींनी मराठीत एक ओळ तयार केली होती आणि ती अजून विसरलेले नाही : "सकाळी लवकर ट्रेन पकडली, ट्रॅकवर ट्रॅफिक, कळव्याला हलेना." स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, कॅपिटेट, हॅमेट. दोन्ही ओळी अंगठ्याच्या बाजूने सुरू होतात.

ऐरोली_पहाट
@वाशी_पूल, ही ओळ आजपासून आमच्या गटाचीही झाली. धन्यवाद!

खाडीकाठचा_शिक्षक
ओळ चांगली आहे. मात्र ती नावांचा क्रम देते, जागा देत नाही, आणि 'ट्रॅ'ने सुरू होणारी दोन हाडे शेजारी असल्याने तेथे गोंधळ होऊ शकतो. ट्रॅपेझियमवर अंगठ्याचा मेटाकार्पल (तळहातातले हाड) खोगिरी सांध्याने बसतो, म्हणून ते अंगठ्याकडचे. हे समजले की अदलाबदल होत नाही. नाव घेताना आपल्याच मनगटावर हाड चाचपावे. करंगळीच्या बाजूला मनगटाच्या घडीपाशी लागतो तो वाटाण्याएवढा पिसिफॉर्म, आणि फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिसचा टेंडन त्यावर येऊन थांबतो. अंगठा ताणून बाजूला नेला, की त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तो अ‍ॅनाटॉमिकल स्नफबॉक्स. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड आणि ट्रॅपेझियम असतात आणि तेथेच रेडियल धमनीचे स्पंदन लागते.

पारसिकची_पायरी
स्नफबॉक्सचा विषय निघाला म्हणून सांगतो. दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात थरावरून पडलेले गोविंदा पसरलेल्या तळहातावर आपटतात. मनगट दुखते, एक्स-रेमध्ये पहिल्या दिवशी काहीच दिसत नाही आणि मुलगा घरी जायची घाई करतो. अशा वेळी स्नफबॉक्समध्ये दाबल्यावर दुखत असेल तर फ्रॅक्चर आहे असे धरूनच मनगटाला आधार द्यावा लागतो. कारण शरीररचनेतच आहे : स्कॅफॉइडला रक्तपुरवठा मुख्यतः दूरच्या टोकाकडून शिरतो, त्यामुळे हाड कमरेत मोडले की जवळचा तुकडा रक्ताविना मरू शकतो. व्हायवामध्ये 'स्कॅफॉइड हेच हाड का?' या प्रश्नाचे उत्तर हेच आहे.

त्याच दिवशी क्लॅव्हिकलचे (गळ्याजवळच्या आडव्या हाडाचे) फ्रॅक्चरही हमखास येते. हाताचा भार क्लॅव्हिकलमार्गे धडाकडे जातो आणि आतला दोन-तृतीयांश व बाहेरचा एक-तृतीयांश भाग जेथे मिळतात तेथे हाडाचा बाक बदलतो, तेथेच ते मोडते. आतला तुकडा मानेतला स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड स्नायू वर ओढतो, बाहेरचा हाताच्या वजनाने खाली येतो, म्हणून रुग्ण दुखरा हात दुसऱ्या हाताने तोलून धरतो. क्लॅव्हिकलवर प्रश्न आला तर गर्भात सर्वांत आधी ओसिफिकेशन (हाड बनणे) सुरू होणारे हाड, बहुतांशी मेम्ब्रेनमध्ये बनणारे, आडवे असलेले एकमेव लाँग बोन हे मुद्दे सगळेच लिहितात. तुकडे कोण कोठे ओढतो हे लिहिणारे कमी असतात.

सानपाडा_फिजिओ
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझे म्हणणे असे, की वरील दोन्ही क्रमांत एक गोष्ट सुटते आहे : स्वतःचे शरीर. खोलीतील मैत्रिणीला भिंतीला दोन्ही हात टेकून ढकलायला सांगा आणि तिच्या स्कॅप्युलाची (पाठीवरच्या खांद्याच्या हाडाची) आतली कड पाहा. सेराटस अँटीरियर ती कड छातीला चिकटवून धरतो. लाँग थोरॅसिक नर्व्हला इजा झाली, की हीच कड पंखासारखी बाहेर येते. मग हात बाजूने वर न्यायला सांगा आणि तुमचा तळवा तिच्या स्कॅप्युलाच्या खालच्या कोनावर ठेवा. सुरुवातीचे साधारण १५ अंश सुप्रास्पायनेटस, पुढे ९० पर्यंत डेल्टॉइड, आणि त्यापुढे स्कॅप्युला फिरवणारे ट्रॅपेझियस व सेराटस अँटीरियर असे पुस्तकात असते. तळव्याखाली मात्र स्कॅप्युला ९० अंशांची वाट न पाहता बरीच आधी फिरू लागलेली जाणवेल. खांदा आणि स्कॅप्युला यांच्या हालचालीचे प्रमाण एकंदरीत दोनास एक असे धरतात.

चाचण्याही एकमेकींवर करा. दोन बोटांत कागद धरून ओढण्याची कार्ड टेस्ट बोटे जवळ आणणाऱ्या पामर इंटरॉसियसाठी, अंगठा आणि तर्जनी यांत पुस्तक धरण्याची बुक टेस्ट अ‍ॅडक्टर पॉलिसिससाठी, तळहात आडवा ठेवून अंगठ्याने वर धरलेल्या पेनाला स्पर्श करण्याची पेन टेस्ट अ‍ॅबडक्टर पॉलिसिस ब्रेव्हिससाठी. बुक टेस्टमध्ये अंगठ्याचे टोक वाकले तर रुग्ण मीडियनच्या फ्लेक्सर पॉलिसिस लाँगसने वेळ मारून नेत आहे, म्हणजेच अल्नर दुबळी आहे.

एक विनंती. अप्पर लिंबमध्ये ब्रेस्टवर दीर्घोत्तरी प्रश्न येतो आणि तो केवळ गुणांसाठी वाचू नका. ब्रेस्टमधील सुमारे ७५ टक्के लिंफ अ‍ॅक्सिलाच्या (काखेच्या) नोड्सकडे जाते हे वाक्य तुम्ही लिहिता, तेव्हा त्याचा अर्थ असा असतो, की कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत सर्जनला अ‍ॅक्सिलामध्ये हात घालावा लागतो आणि तेथे लाँग थोरॅसिक व थोरॅकोडॉर्सल या दोन्ही नर्व्ह वाटेत असतात. शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडलेल्या, हाताला सूज आलेल्या स्त्रिया माझ्याकडे येतात. अ‍ॅक्सिलाच्या भिंती, नोड्सचे पाच गट आणि त्या दोन नर्व्ह या गोष्टी एकत्र वाचल्या तर हा भाग कायमचा लक्षात राहील.

पाचपाखाडी_पालक
मी डॉक्टर नाही. माझा मुलगा यंदाच पहिल्या वर्षाला गेला आहे. डिसेक्शन हॉलमधून घरी आला की फॉर्मेलिनचा वास कपड्यांना असतो आणि तो जेवत नाही. अभ्यासापेक्षा त्याचे तेथे उभे राहणेच आम्हाला कठीण वाटते. हे सर्वांना होते का?

खाडीकाठचा_शिक्षक
@पाचपाखाडी_पालक, सुरुवातीचे काही आठवडे बहुतेकांना होते आणि हळूहळू ओसरते. पहिल्याच दिवशी विद्यार्थी देहापुढे शपथ घेतात, आणि ज्याने देहदान केले त्याला आपला पहिला शिक्षक मानावे असे आम्ही सांगतो. ते मनापासून सांगतो. आपल्या राज्यात वैद्यकीय शिक्षणासाठी मृतदेह मिळण्याची तरतूद १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याने झाली आणि आज अनेक कुटुंबे स्वेच्छेने देहदान करतात. मुलाला टेबलाच्या कडेला उभे न राहता हातात फोर्सेप्स घ्यायला सांगा. काम करणाऱ्याचे लक्ष वासावरून उडते.

अभ्यासाच्या दृष्टीनेही तेच महत्त्वाचे आहे. कागदावर ब्रेकियल प्लेक्सस डावीकडून उजवीकडे सरळ मांडलेला असतो, तर अ‍ॅक्सिलामध्ये तो धमनीभोवती गुंडाळलेला, चरबी आणि शिरांखाली दडलेला असतो. तेथे आधी इंग्रजी 'एम'चा आकार शोधावा. अ‍ॅक्सिलरी धमनीच्या तिसऱ्या भागापुढे मस्क्युलोक्युटेनियस, मीडियनची दोन मुळे आणि अल्नर मिळून हा आकार बनतो. तो सापडला की बाहेरची बाजू लॅटरल कॉर्डची (प्लेक्ससच्या तीन मुख्य दोऱ्यांपैकी एक), आतली मीडियल कॉर्डची, आणि धमनी बाजूला केली की मागे पोस्टीरियर कॉर्ड आणि तिच्यातून निघणाऱ्या रेडियल व अ‍ॅक्सिलरी. कॉर्ड्सची नावे धमनीच्या दुसऱ्या भागाशी असलेल्या नात्यावरून पडली आहेत, म्हणजे छातीतल्या पेक्टोरॅलिस मायनर स्नायूच्या मागे. स्पॉटरमध्ये (रचना पाहून ओळखण्याच्या परीक्षेत) दोऱ्याने बांधलेली नर्व्ह ओळखायची असते, तेव्हा पंधरा सेकंदांत हा 'एम' शोधणारा विद्यार्थी गोंधळत नाही.

उपवन_भूलतज्ज्ञ
सर, तुमचा 'एम' आम्ही रोज सोनोग्राफीच्या पडद्यावर शोधतो. अप्पर लिंबच्या शस्त्रक्रियेसाठी संपूर्ण भूल न देता फक्त प्लेक्सस बधिर करता येतो आणि कोणत्या पातळीवर औषध द्यायचे हे पूर्णपणे शरीररचनेवर ठरते. अ‍ॅक्सिलामध्ये औषध दिले तर मीडियन, अल्नर आणि रेडियल बधिर होतात, पण मस्क्युलोक्युटेनियस सुटू शकते, कारण ती तोवर धमनीची साथ सोडून दंडातल्या कोरॅकोब्रेकियॅलिस स्नायूमध्ये शिरलेली असते. मग अग्रबाहूच्या बाहेरच्या बाजूला रुग्णाला दुखत राहते आणि तिला वेगळे औषध द्यावे लागते. 'मस्क्युलोक्युटेनियस कोरॅकोब्रेकियॅलिसला भेदून जाते' ही पहिल्या वर्षी घोकलेली ओळ मला आज शस्त्रक्रियागृहात लागते.

@ऐरोली_पहाट, अर्ब आणि क्लुम्पके यांच्या पाल्सी (प्लेक्ससच्या इजेने येणारे पक्षाघात) शेजारी ठेवून वाचा. अर्बमध्ये सी ५ आणि सी ६ या नर्व्ह-मुळांची, म्हणजे अप्पर ट्रंकची, इजा : हात अंगाशी, आत वळलेला, कोपर सरळ, तळवा मागे. क्लुम्पकेमध्ये सी ८ आणि टी १ : हाताच्या पंजातले स्नायू जातात, आणि टी १ ची सिंपथेटिक वाट तुटली तर त्या बाजूची पापणी उतरते आणि बाहुली लहान होते. ऑगस्टा क्लुम्पके यांनी हे वर्णन १८८५ मध्ये केले, तेव्हा त्या स्वतः वैद्यकीय विद्यार्थिनी होत्या. हाताच्या इजेचा आणि डोळ्याच्या बाहुलीचा संबंध एका विद्यार्थिनीने लावला, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगते.

कोपरी_परिचारिका
मी स्टाफ नर्स आहे. क्युबिटल फॉसाबद्दल (कोपराच्या पुढच्या खळग्याबद्दल) कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. आम्ही रोज तेथूनच रक्त घेतो. मीडियन क्युबिटल व्हेन वर असते आणि तिच्याखाली बायसिपिटल अपोन्यूरोसिसचा पडदा असतो, त्याखाली ब्रेकियल धमनी आणि मीडियन नर्व्ह. तो पडदा आहे म्हणून सुई थोडी खोल गेली तरी धमनीला सहसा धक्का लागत नाही. आतून बाहेर क्रम मीडियन नर्व्ह, ब्रेकियल धमनी, बायसेप्सचा टेंडन, रेडियल नर्व्ह असा आहे. कोपर थोडा वाकवून टेंडन चाचपा. त्याच्या आतल्या बाजूला स्पंदन लागेल आणि रक्तदाब मोजताना स्टेथोस्कोप तेथेच ठेवायचा असतो.

वाशी_पूल
परीक्षेच्या दृष्टीने एक व्यावहारिक मुद्दा. पेपरमध्ये आकृती आधी काढावी आणि मजकूर तिच्याभोवती लिहावा, कारण परीक्षकाची नजर आकृतीवर पहिली पडते आणि आकृती काढताना राहिलेला मुद्दा आपल्यालाही आठवतो. अप्लाइड अ‍ॅनाटॉमी शेवटच्या दोन ओळींत कोंबू नये. दीर्घोत्तरी प्रश्नात तिला स्वतंत्र गुण असतात आणि घटनेच्या स्वरूपातल्या प्रश्नांत तर तिथूनच सुरुवात होते. या बाबतीत मी धागाकर्तीच्या बाजूची आहे. हाडांसाठी मात्र सरांचे बरोबर आहे : साइड डिटरमिनेशन (हाड डावे की उजवे ते ओळखणे) आणि जोडण्या यांना पर्याय नाही.

ऐरोली_पहाट
सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही बाजू वाचून मी असे ठरवले आहे, की दिवसाला एक हाड घ्यायचे, सरांच्या क्रमाने त्यावरच्या जोडण्या पुऱ्या करायच्या आणि त्याच दिवशी त्या हाडाला टेकणाऱ्या नर्व्हची इजा स्वतःच्या शब्दांत मोठ्याने सांगायची. एक शंका अजून उरली आहे. अल्नर नर्व्ह कोपरापाशी तुटली तर जास्त स्नायू जातात, मग क्लॉ हँड (नखरासारखी वळलेली बोटे) मनगटापाशी तुटल्यावर अधिक का दिसतो?

पारसिकची_पायरी
याला अल्नर पॅरॅडॉक्स म्हणतात आणि तो व्हायवामध्ये हमखास विचारतात. इंटरॉसिया आणि लुंब्रिकल बोटांना मुळाशी वाकवतात आणि पुढच्या सांध्यांत सरळ ठेवतात. ते गेले की एक्स्टेन्सर डिजिटोरम मुळाचा सांधा मागे ओढतो आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस बोटांची टोके आत वळवतो. क्लॉ तयार होतो. मनगटाशी इजा असेल तर प्रोफंडसचा आतला अर्धा भाग शाबूत असतो, म्हणून तो जोरात ओढतो आणि अनामिका व करंगळी अधिक वळतात. कोपराशी इजा असेल तर तो अर्धा भागही पंगू असतो, ओढणारेच कोणी नसते, म्हणून बोटे कमी वळलेली दिसतात.

उपवन_भूलतज्ज्ञ
यात एक भर घालते, कारण पुढचा प्रश्न बहुधा हाच येतो. कोपरापाशी दुखावलेली नर्व्ह जेव्हा बरी होऊ लागते, तेव्हा प्रोफंडस जवळचा असल्याने त्याच्यापर्यंत ती आधी पोहोचते आणि पंजातल्या लहान स्नायूंपर्यंत नंतर. त्यामुळे मधल्या काळात क्लॉ वाढलेला दिसतो आणि नातेवाईक घाबरतात, प्रत्यक्षात ते सुधारणेचे लक्षण असते. तर्जनी आणि मध्यमा यांत क्लॉ का ठळक नसतो, याचे उत्तर वर सरांनी दिलेल्या कप्प्यांच्या नियमात आहे. पहिले दोन लुंब्रिकल मीडियनचे आहेत.

सानपाडा_फिजिओ
@ऐरोली_पहाट, रविवारी दुपारी सानपाड्याच्या आसपास येणे जमत असेल तर तुमच्या गटाला या सगळ्या चाचण्या एकमेकींवर करून दाखवीन. ह्युमरस आणि स्कॅप्युला सोबत आणा, आणि बाह्या वर करता येतील असे कपडे घाला.